उरलेले सगळे सी

मलकापूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजातल्या सरांनी दोन वर्षांत आम्हाला गणित किती शिकवलं हा वादाचा विषय आहे, पण एक गोष्ट त्यांनी हाडात भिनवली. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नसतं, म्हणून उत्तरपत्रिकेवरचा एकही गोल मोकळा सोडायचा नाही. येतं ते सोडवायचं, आणि शेवटची पाच मिनिटं राहिली की उरलेल्या सगळ्या प्रश्नांना एकच अक्षर धरून गोल काळे करत सुटायचं. दर प्रश्नाला वेगळं अक्षर दिलं तर सगळीच हुकायची भीती, एकच धरलं तर चारातलं एखादं तरी लागतंच, असं त्यांचं शास्त्र होतं. "लावणीला एखादं खाचर मोकळं सोडता व्हय रं?" असं ते विचारायचे. शाहूवाडीतल्या भातवाल्यांच्या पोरांना याच्यापुढं काही समजावून सांगावं लागत नाही.

हा धडा माझ्या मैत्रिणीनं आणि मी एकाच बाकावर बसून घेतला. आम्ही एका गावच्या, एका आळीच्या, आणि पहिलीपासून बाकही एकच. इंजिनिअरिंगला जाण्याइतके मार्क दोघींनाही पडले नाहीत. ते न पडण्यातही आम्ही एकमेकींच्या जवळपासच होतो, त्यामुळं कुणालाच फारसं वाईट वाटलं नाही. मग दोघींनी कोल्हापुरात बीएस्सीला प्रवेश घेतला आणि शिवाजी पेठेत एका घराच्या माडीवर खोली घेतली. खाली घरमालकीणबाई, समोर तालीम, आणि वाळत न वाळत टांगलेले कपडे. गाव सुटलं याचं मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. गावातलं जे मला हवं होतं ते पलीकडच्या कॉटवर झोपलेलं होतं.

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात जाहीर झालं की विज्ञान शाखेच्या नव्या मुलांची गणिताची प्लेसमेंट टेस्ट होणार. कॉलेजनं त्या वर्षीच ही गोष्ट काढली होती. टेस्टमध्ये कच्ची निघणारी मुलं ब्रिज कोर्सला, म्हणजे अकरावी-बारावीचं गणित आधी नीट करून घेणाऱ्या वर्गात बसणार. मधली नेहमीच्या वर्गात. आणि ज्यांना खूपच येतंय त्यांना पहिल्या सत्राचं गणित माफ, त्याची चार क्रेडिट थेट खात्यावर जमा, आणि गणितापुरतं बसायचं दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर. यात कुणी पास नाही आणि कुणी नापास नाही, कुणाला कुठं बसवलं तर बरं पडेल एवढंच बघायचं आहे, असं गणिताच्या मॅडमनी माइकवरून सांगितलं. पास-नापास नसलेली परीक्षा म्हणजे मीठ नसलेली भाजी. आम्ही मान डोलावली आणि विश्वास मात्र काडीचा ठेवला नाही.

टेस्टच्या दिवशी खोलीवरून चालत कॉलेजला जाताना माझ्या मनात एक शंका आली. आम्ही शेजारी-शेजारी बसणार, दोघीही शेवटी उरलेले गोल एकाच अक्षरानं भरणार, आणि अक्षर एकच निघालं तर हे लोक कॉपी म्हणून धरतील. मैत्रीण म्हणाली, "मग मी बी घेतो, तू सी घे." आमच्याकडं बायकाही 'मी घेतो, मी जातो' असंच बोलतात. झालं. एवढ्यावर आमचं ठरलं आणि आम्ही परीक्षेपेक्षा संध्याकाळी काय खायचं याच्यावर जास्त वेळ बोललो.

पेपरच्या पहिल्या पानावर इंग्रजीत आणि त्याखाली मराठीत सूचना होती. जे शिकलेला नाहीत ते प्रश्न मोकळे सोडा, अंदाजानं उत्तर देऊ नका. ती मी वाचली, चांगली दोनदा वाचली. पण आजवर कुठल्याच परीक्षेनं आम्हाला मोकळं सोडा म्हणून सांगितलं नव्हतं, त्यामुळं यात काहीतरी मेख असणार असं वाटलं. भोळ्याभाबड्यांनी गोल सोडावेत आणि हुशारांनी पुढं जावं अशीच ही सोय असणार. पहिली पानं मी प्रामाणिकपणे सोडवली. शेवटच्या पानांवरची काही चिन्हं मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. घंटा व्हायला आली तसं पेन घट्ट धरलं आणि सी, सी, सी करत खाली आले. शेजारी मैत्रिणीचं पेनही तसंच चाललेलं मला ऐकू येत होतं.

निकाल मोबाइलवर आला. मैत्रीण ब्रिज कोर्सला, आणि मी थेट दुसऱ्या वर्षाच्या वर्गात. वर गेलेल्यांची यादी लहान होती आणि त्यात आमच्या तालुक्यातली मी एकटीच. शेवटच्या पानांवरची बरीच उत्तरं सी निघाली होती, आणि बीला काही कुणी विचारलं नव्हतं. मैत्रीण कॉटवर पोट धरून हसली. "तुझा सी लागला की गं," म्हणत राहिली. मीही हसले. इतक्या हसलो की खालून घरमालकीणबाईंनी, काय चाललंय वर, म्हणून हाक घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले तेव्हा ती कॉलेजला गेलेली होती, कारण ब्रिजचा वर्ग सकाळी लवकर असायचा आणि माझा दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर. बाकीच्या विषयांनाही आमच्या तुकड्या वेगळ्या पडल्या होत्या.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगते. ते शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला आहेत. तिथंच चार-पाच जणांत खोली करून राहतात, आणि सोमवारची सुट्टी धरून रविवारी संध्याकाळी गावाकडं जातात. जाताना स्टँडवर मला भेटतात. त्यांना मी फोनवर निकाल सांगितला तो हसत हसतच सांगितला. त्यातला हसण्याचा भाग त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. वर बसवलंय एवढंच पोचलं. आठवड्याच्या आत आमच्या गावच्या फाट्यावर डिजिटल बोर्ड लागला. दहावीच्या निरोप समारंभातला साडीतला माझा फोटो, आणि खाली 'पहिल्या वर्षाची परीक्षा न देताच दुसऱ्या वर्षात झेप घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. त्याखाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेली तरुण मंडळाची पोरं. माझ्या फोटोपेक्षा त्यांचे फोटो मोठे होते, पण आमच्याकडं तशीच रीत आहे. मी मैत्रिणीला बोर्ड दाखवला तेव्हा ती म्हणाली, साडी माझ्या आईची हाय. ते खरंच होतं.

दुसऱ्या वर्षाचा वर्ग वरच्या मजल्यावर भरायचा. तिथल्या मुलांची वर्षभराची जुनी टोळकी होती, आणि त्यांच्या वागण्यात वाईट काही नव्हतं. पहिल्या दिवशी एकीनं मला विचारलं, कुठल्या क्लासला होतीस. मी मलकापूर म्हटल्यावर, मलकापूरला असले क्लास आहेत का, म्हणून तिनं कौतुकच केलं. मग त्यांनी मला स्कॉलर म्हणायला सुरुवात केली, आणि स्कॉलरला कुणी चहाला चल म्हणत नाही. मॅडम पुण्याकडच्या, त्यामुळं मी बोलताना जपायचे. 'आलतो, गेलतो' तोंडात यायचं ते गिळून 'आले होते, गेले होते' असं पुस्तकासारखं बोलायचे. त्याला वेळ लागायचा. म्हणून हळूहळू बोलणंच कमी केलं.

गणिताचं म्हणाल तर पहिल्या तासापासून मला काही कळलं नाही. मॅडम फळ्यावर एप्सिलॉन नावाचं ग्रीक अक्षर काढायच्या आणि म्हणायच्या, हे तर तुम्हाला माहीतच आहे. सगळे माना हलवायचे, मीही हलवायचे. हात वर करून विचारायची सोय नव्हती, कारण मला येतंय म्हणूनच तर मला तिथं बसवलं होतं. खालच्या वर्गात न कळणाऱ्या पोराला निदान न कळण्याचा हक्क असतो. मी फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घ्यायचे, सुबक अक्षरात, आणि संध्याकाळी उघडलं की ते कुणा दुसऱ्याच्याच हातचं वाटायचं.

लहानपणी मी डोंगराला म्हसरं घेऊन दिवस-दिवस एकटी असायचे. माणूस दिसायचं नाही, आणि तरी मला कधी एकटं वाटल्याचं आठवत नाही. त्या भरल्या वर्गात मात्र मला एकटं वाटायचं. इतकं, की प्रॅक्टिकल आणि गणित यांच्या मधल्या सुट्टीत मी डबा न खाता जिन्यात जाऊन मोबाइल बघत उभी राहायचे. कुणाचा तरी मेसेज आलाय असं दिसावं म्हणून. कुणाचा यायचा नाही. जिचा यायला हवा होता तिचा वर्ग तेव्हा सुटलेला असायचा आणि ती तिच्या नव्या मैत्रिणींबरोबर कुठंतरी हसत असायची.

त्या नव्या मैत्रिणी दोघी होत्या, एक कागलची आणि एक गडहिंग्लजची. संध्याकाळी त्या आमच्या खोलीवर यायच्या. तिघी एका कॉटवर मांडी ठोकून बसायच्या, मधे भडंगाची पुडी, आणि वह्या उघडून मोठमोठ्यानं भांडायच्या. भांडण गणितावरून असायचं. हे सूत्र असंच का, त्याच्या उलटं का नाही, शून्यानं भागायचं नाही ते का. त्यांना ब्रिजच्या वर्गात असलं विचारायला लावत होते. आम्हाला दोन वर्षं सूत्रं पाठ होती, पण 'का' हा शब्द गणिताच्या तासाला मी कधी ऐकला नव्हता. मी माझ्या कॉटवर भिंतीकडं तोंड करून वाचत असल्याचं दाखवायचे आणि कान सगळा तिकडं द्यायचे. मलाही त्या भांडणात पडायचं होतं. पडायला मला कुणी अडवलं नव्हतं हेही खरं, पण त्या मला मान द्यायच्या. माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

एकदा कागलच्या मुलीनं वही माझ्यापुढं धरली आणि विचारलं, ही लिमिट एक येते ते कुठनं येतंय, तुला ठाऊक असंलच. मला उत्तर एक येतं हे ठाऊक होतं. कुठून येतं ते नव्हतं. मी वही हातात घेतली, मागचं पान उघडलं, परत पुढचं उघडलं. तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "तिची उद्या टेस्ट हाय, तिला नका तरास देऊ." माझी टेस्ट वगैरे काही नव्हती. वही बाजूला झाली, तिघी परत भांडायला लागल्या. त्या एका वाक्यात तिनं मला वाचवलं होतं, आणि मला तिचा राग आला. वाचवणारं माणूस पलीकडच्या काठावर असतं, आणि आमच्यामध्ये काठ असा कधी नव्हताच.

पुढं खरंच टेस्ट झाली. तिच्यात मला किती मिळाले ते सांगत नाही, पण यावेळी प्रश्न लिहून सोडवायचे होते आणि तिथं सीचा काही उपयोग नव्हता. मॅडमनी मला बोलावून घेतलं. मी आधीच ठरवून गेले होते, त्यामुळं खुर्चीवर बसायच्या आतच सगळं सांगून टाकलं. सर, निगेटिव्ह मार्किंग, बी आणि सी, सगळं. मॅडम चिडल्या. "सूचना वाचली नव्हतीस?" म्हणाल्या.

"वाचली होती."

"मग?"

"खरी वाटली नाही."

त्यांनी कॉम्प्युटरवर माझी जुनी उत्तरपत्रिका काढली. शेवटच्या पानांवर काळ्या गोलांची एक सरळ रांग खाली उतरत गेली होती, ऊस लावावा तशी. त्यांना हसू आलं असणार, पण हसल्या नाहीत. दिलेली क्रेडिट परत करता येतात, त्यासाठी पालकांची सही लागते, आणि ती परत करायला आजवर कुणीही आलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. योजनेचं पहिलंच वर्ष होतं, त्यामुळं या शेवटच्या गोष्टीत फार काही अर्थ नव्हता. मग त्या जरा मऊ झाल्या. म्हणाल्या, थोडे कष्ट घेतलेस तर वर राहूनही निभेल कदाचित. घरी विचारून ये.

घरी म्हणजे स्टँडवर. रविवारी संध्याकाळी वडील नेहमीसारखे मलकापूर गाडीच्या फलाटावर उभे होते, धुतलेला शर्ट, हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी कागदात बांधलेले वडे काढले. मी वडा हातात धरूनच सगळं बोलले. क्रेडिट, ब्रिज, सही. त्यांनी उरलेले वडे परत कागदात बांधले. मला वाटलं ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

"खाली बसलीस तर येईल का?" त्यांनी विचारलं.

"येईल."

"आणि वरच बसलीस तर?"

"न्हाई यायचं."

त्यांनी पेन मागितलं. जेवणाचा डबा गुडघ्यावर ठेवून त्याच्यावर कागद धरला आणि सही केली. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत, म्हणाले, बोर्डाचं काय, पावसात फाटतोयच. गाडी लागली. ते चढले, आणि दारातच वळून, रागानं नव्हे, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मी कारखान्यात सगळ्यास्नी पेढं वाटलंतं गं." कंडक्टरनं दार ओढलं. मी वडा तसाच हातात घेऊन शिवाजी पेठेपर्यंत चालत आले.

मैत्रिणीला मी हे सांगितलं नाही. सही तर झाली होती, पण ऑफिसनं कागद नाकारला तर हसं होईल म्हणून गप्प राहिले. आणि खरं सांगायचं तर मला तिचा चेहरा बघायचा होता. कागद मंजूर झाला, आणि एके सकाळी ती निघून गेल्यावर मी उठले, आवरलं आणि तिच्या पाठोपाठ ब्रिजच्या वर्गात जाऊन उभी राहिले. चालताना माझ्या मनात वर्ग नव्हताच. तिच्या शेजारी जाऊन बसायचं, ती दचकेल, मग हसेल, एवढंच चित्र होतं.

तिच्या बाकावर तिघी होत्या. कागलची, गडहिंग्लजची, आणि मधे ती. ती दचकली, बरोबर तशीच, पण हसायच्या आत तिनं दोन्ही बाजूंना बघितलं. चौथीला जागा नव्हती. वर्गात कुजबूज झाली, स्कॉलर इकडं कशाला, म्हणून. मी मागच्या बाकावर बसले. शिकवणाऱ्या सरांनी पहिल्या दिवशीच मला फळ्यावर बोलावलं, माझं चुकलं, आणि कुठं चुकलं ते सगळ्या वर्गानं मिळून शोधून काढलं. कुणी हसलं नाही. महिन्याभरात पहिल्यांदा माझ्या डोक्यात काहीतरी जागच्या जागी बसलं, आणि मला इतका आनंद झाला की तो कुणाला तरी सांगावा म्हणून मी पुढच्या बाकाकडं बघितलं. तिथं तीन वेण्या होत्या, तिन्ही खाली वाकलेल्या.

वर्ग सुटल्यावर त्या दोघी बाहेर गेल्या आणि ती माझ्याजवळ आली. तालीम मंडळाच्या कुठल्या तरी फुटबॉल मॅचचा विषय काढला आणि अर्ध्यात सोडला. माझ्या बाकाच्या कडेवर नखानं रेघ ओढत म्हणाली, "पयल्यांदा मी तुझी जागा धरून बसायचो. येशील म्हणून. मग पोरी म्हणायला लागल्या, ती वरची हाय, ती कशाला येतीया."

मी वही पिशवीत घातली, बाहेर काढली आणि परत घातली.

मग तिनं विचारलं, "माझ्यासाठी आलीस व्हय?"

त्या दिवसांत मी खरं बोलायला नुकतीच शिकले होते. मॅडमशी खरं बोलले होते, वडिलांशी बोलले होते, आणि दोन्ही वेळा ते फार जड गेलं होतं. म्हणून असेल, मला ते जरा चढलंही होतं. मी म्हणाले, "न्हाई गं. मला येत न्हवतं म्हणून आलो."

तिनं बाकाच्या कडेवरचं नख उचललं. "बरं हाय की," म्हणाली. बाहेरून त्या दोघींनी चहाला हाक मारली, तिनं मलाही चल म्हटलं, आणि मी तुम्ही व्हा फुडं म्हणाले. त्या गेल्या.

आता आम्ही शेवटच्या वर्षाला आहोत. खोली तीच आहे, कॉट तेच आहेत. आम्ही बोलतो, एकमेकींचे कपडे घालतो, सुट्टीला एका गाडीनं गावाला जातो. वर्गात ती त्या दोघींच्यात बसते आणि मी मागं. गणित मला आता बऱ्यापैकी येतं. मला येत नव्हतं म्हणून मी खाली आले, हे तिला सांगितलं ते खरंच होतं. पण मी वरच्या वर्गात होते तेव्हा, ती वर्गाला गेली की रोज सकाळी मी तिच्या मोकळ्या कॉटवर जाऊन बसायचे आणि तिच्याच पांघरुणात तोंड घालून रडायचे, तेही खरंच होतं. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.